मांजर, मोरी आणि माती

"मुद्दाम करते हो ती!" मांजर पाळणाऱ्या घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारी काकू असो, कॉलेजातला भाचा असो की बँकेतून निवृत्त झालेले काका असोत, फिर्याद एकाच धर्तीची. आम्ही चार दिवस गावाला गेलो, म्हणून गादीवर शू केली. नणंदेचं येणं आवडलं नाही, म्हणून नेमकी तिचीच बॅग ओली केली. सकाळी ओरडले, तर दुपारी सोफ्यामागे शी करून मोकळी. या खटल्यात फिर्यादी आपण, साक्षीदार आपण आणि निकाल देणारेही आपणच. आरोपी कपाटावर बसून पंजा चाटत असते.

मांजरीचं कौतुक चारचौघांत होतं, तिच्या शी-शूची कैफियत मात्र दाराआड. पाहुणे यायच्या आधी उदबत्ती लागते, खिडक्या उघडतात, सोफ्यावर धुतलेली चादर पडते. पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. लोक आपली पाळीव जनावरं का सोडून देतात, याचा अमेरिकेतल्या बारा निवाऱ्यांमध्ये अभ्यास झाला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. मांजरींच्या वागणुकीबद्दलच्या तक्रारींत 'घर घाण करते' ही तक्रार अगदी वर होती. आपल्याकडे तर निवाऱ्यापर्यंतही जावं लागत नाही. मासळीबाजाराजवळ पिशवी उघडली की झालं.

म्हणजे 'मुद्दाम करते' या निदानावर मांजरीचं घर जाऊ शकतं. आणि ते निदानच चुकलेलं असतं. मांजर सूड म्हणून मुतत नाही. तिला दिलेली जागा पटलेली नसते, नाहीतर तिचं काहीतरी दुखत असतं. यातलं काय आहे ते ओळखायचं, तर आधी तिचा मूळ गाव पाहायला हवा.

वाळवंटातलं जनावर

घरातल्या मांजरीचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशातलं रानमांजर. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारीच पुरलेलं मांजर सापडलं आहे; ओळख इतकी जुनी. या रानमांजराचे आशियाई भाऊबंद आजही आपल्या कच्छमध्ये आणि थरच्या वाळवंटात फिरतात.

कोरड्या मुलखात पाणी जपून वापरावं लागतं. मांजरीचं मूत्रपिंड त्या कामात तरबेज आहे. शिकारीच्या मांसात असेल तेवढ्या ओलाव्यावर ती बराच काळ भागवते आणि लघवी अतिशय दाट करून सोडते. पेलाभर शूचा वास तीन खोल्या व्यापतो, याचं एक कारण हा दाटपणा. दुसरं कारण फेलिनीन. मांजरीच्या लघवीत सापडणारा हा गंधकयुक्त पदार्थ ताजा असताना फारसा वास देत नाही. तो विघटित होऊ लागला की तो ओळखीचा 'बोक्याचा वास' सुटतो. जपानमधल्या मासाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की मांजरीच्या लघवीतलं एक खास प्रथिन या फेलिनीनच्या निर्मितीवर नियंत्रण ठेवतं. खच्ची न केलेल्या बोक्यात ते भरपूर असतं. शिवाय लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, तो नाकात झोंबतो. सकाळची शू संध्याकाळी जास्त का घाण वासते, त्याचा उलगडा इथे होतो.

पुरण्याची सवयही अशीच उपजत. पिल्लू तीन-चार आठवड्यांचं झालं की मऊ, सुटी माती उकरू लागतं. त्याला शिकवावं लागत नाही. त्याला माती दिली की काम झालं. खरी अडचण इथूनच सुरू होते, कारण आपल्या घरात माती उरलेलीच नाही.

माती पिशवीतून येते

वाड्याला परस होतं, कोकणातल्या घराला मागचं दार आणि पाणंद होती, चाळीला निदान मागची गल्ली होती. मांजर घरची असली तरी तिचा संडास सार्वजनिक होता. ती कुठे जाते, हे कोणी विचारलं नाही. फार तर आळ्यातल्या अळूची पानं तोडताना आजी नाक मुरडून दोन शिव्या घालायची. चुलीजवळ राखेचा ढीग असला तर पावसाळ्यात मांजर तिथे बसायची, आणि मग भांडी घासायला राख घेताना पंचाईत व्हायची.

अमेरिकेतही निराळं चित्र नव्हतं. मिशिगन राज्यात कॅसोपोलिस नावाचं छोटं गाव आहे. १९४७ च्या जानेवारीत तिथल्या एका बाईंची मांजरीसाठी ठेवलेली वाळू थंडीने गोठली. त्यांनी राख वापरून पाहिली, तर घरभर काळे पंजे उमटले. वैतागून त्या शेजारच्या एडवर्ड लोवकडे वाळू मागायला गेल्या. लोव वडिलांच्या धंद्यात होता. गॅरेजात सांडलेलं तेल शोषून घेणाऱ्या वस्तू ते विकत. त्याने वाळूऐवजी भाजलेल्या चिकणमातीचे दाणे दिले. बाई खूश होऊन परत आल्या. लोवने पाच-पाच पौंडांच्या दहा पिशव्या भरल्या, त्यांवर हाताने 'किटी लिटर' असं लिहिलं आणि दुकानदाराकडे नेल्या. वाळू जवळजवळ फुकट मिळत असताना पासष्ट सेंट कोण मोजणार, अशी दुकानदाराला शंका होती. तर फुकट वाटा, म्हणाला लोव. पिशव्या संपल्या, गिऱ्हाइकं पैसे घेऊन परत आली, आणि पुढे या मातीने लोवला कोट्यधीश केलं.

त्या मातीत शू शोषली जायची, पण गोळा होत नसे. सगळा डबाच ओतून द्यावा लागे. १९८० च्या दशकात थॉमस नेल्सन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने बेंटोनाइट वापरून गोळे होणारं लिटर तयार केलं. बेंटोनाइट ही पाणी लागताच फुगणारी माती. ओतकामाच्या साच्यांत आणि तेलविहिरी खणताना ती वापरतात. ओल लागली की तिचा घट्ट गोळा होतो, तेवढा चाळून काढायचा.

आपल्याकडे ही माती गुजरातेत, विशेषतः कच्छ आणि भावनगर भागात सापडते, आणि मांजरींच्या लिटरसाठी तिथून परदेशीही जाते. कच्छच्या बेंटोनाइटचं नातं दख्खनच्या लाव्ह्याशी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्याच्या थरांनी आपला सह्याद्री घडवला, त्याच लाव्ह्याच्या कच्छमधल्या खडकांची झीज आणि रासायनिक बदल होऊन ही माती बनली. परसातली फुकटची माती आपण डांबराखाली गाडली आणि कच्छची माती किलोच्या भावाने, सुगंध लावून, तिसऱ्या मजल्यावर चढवली.

तो सुगंध मांजरीसाठी नसतो, हे इथेच सांगायला हवं. लॅव्हेंडरचा वास माणसाच्या नाकाला बरा वाटतो. आपल्यापेक्षा कितीतरी तिखट नाकाच्या जनावराला तो अगदी तळव्याखाली नको असतो. लिटर बारीक, मऊ आणि बिनवासाचं असेल तर बहुतेक मांजरी ते आपणहून स्वीकारतात.

मोरीचा मोह

डबा कुठे ठेवायचा, या प्रश्नाला मराठी घराचं उत्तर ठरलेलं: मोरीत. घाण काम, घाणीची जागा. वर फरशी धुवायला सोपी. हिशेब बिनचूक वाटतो. फक्त ज्याने डबा वापरायचा त्याला कोणी विचारलेलं नसतं.

आपली मोरी ओली असते. बादली, तांब्या, पायांवर ओतलेलं पाणी. गोळे होणाऱ्या लिटरवर चार थेंब उडाले की त्याचा चिखल होतो. सकाळी सहा ते नऊ दाराला कडी, पाळीने आंघोळी. दार उघडं मिळालं तर शेजारी कपडे धुण्याचं मशीन, ते पिळायला लागलं की जमीन हादरते. मांजर शी करताना पाठ वाकवून, सावधपणे, पळता न येण्याच्या अवस्थेत बसलेली असते. एकदा त्या क्षणी मशीन गरगरलं की ती जागा तिच्यापुरती बाद.

डोंबिवलीतल्या एका ओळखीच्या घरी हे बसून पाहायला मिळालं. डबा महागातला होता, वर झाकण, पुढे झुलतं दार. मांजर आली. पुढचे दोन पंजे काठावर टेकवून तिने आत मान घातली, काढली. मग एक मागचा पाय आत, एक बाहेर. लिटरला न शिवता ती डब्याची प्लॅस्टिकची भिंतच खरवडू लागली. पंजाला ओला दाणा चिकटला, तो तिने तीनदा झटकला. मग बाहेर उडी मारून मोरीच्या उंबऱ्याशी असलेल्या पायपुसण्यावर गेली, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि बसली. पायपुसणं मऊ होतं, कोरडं होतं, आणि तिथून चहूकडे दिसत होतं.

"बघितलंत? डबा समोर असून!" घरची सून म्हणाली.

आजी पलंगावरून म्हणाल्या, "अगं, सकाळी तुम्ही पाच जण त्या मोरीत नंबर लावता. तिनं कधी जायचं?"

काठावर उभं राहणं, माती न उकरणं, भिंत खरवडणं, पंजा झटकणं, काम उरकताच धूम ठोकणं, ही सगळी मांजरीची नापसंतीची चिन्हं. या घरी झाकण निघालं आणि डबा गॅलरीच्या आतल्या कोपऱ्यात गेला. काही दिवसांत पायपुसणं कोरडं राहू लागलं. प्रत्येक घरी इतकं झटपट जमत नाही, पण शोध इथूनच सुरू करावा.

मांजरींच्या वैद्यकात काम करणाऱ्या दोन संघटनांनी २०१४ मध्ये या विषयावर मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यातले आडाखे साधे आहेत. डब्याची लांबी मांजरीच्या लांबीच्या, म्हणजे नाकापासून शेपटीच्या बुडख्यापर्यंतच्या मापाच्या दीडपट हवी. जितक्या मांजरी, त्याहून एक डबा जास्त, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी. एकाला एक लावून ठेवलेले तीन डबे मांजरीच्या लेखी एकच. रोज उपसणं. खाण्या-पिण्याची भांडी लांब.

बाजारातले बहुतेक डबे या मापात बसत नाहीत. त्यापेक्षा बोहारणीकडचा किंवा भांड्यांच्या दुकानातला पसरट प्लॅस्टिकचा टब चांगला. एक बाजू कापून खाली केली की म्हाताऱ्या मांजरीलाही चढायला सोपा. आमच्या ओळखीत सिमेंटच्या घमेल्यावर आणि स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या झाऱ्यावर वर्षानुवर्षं निभावणारी घरं आहेत. झाकणाबद्दल मात्र हट्ट नको. तुलना करून पाहिली तेव्हा बहुतेक मांजरींना झाकण असलं-नसलं सारखंच वाटलं. पण झाकणामुळे आतली घाण माणसाला दिसत नाही आणि उपसणं लांबतं, हा खरा तोटा.

उपसण्याला पर्याय नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी डब्यात खऱ्यासोबत बिनवासाचे खोटे गोळेही ठेवून पाहिले. मांजरींनी त्या डब्यांनाही नाकं मुरडली. म्हणजे नुसता वास दाबून भागत नाही. उकरायला आणि पाय ठेवायला मोकळी जागा हवी.

बोका अडला तर

जागा, डबा, माती सगळं ठीक असूनही गडबड होत असेल तर शरीराकडे पाहायचं. खरं तर तेच आधी पाहायचं.

बोका वारंवार डब्यात जातोय, जोर करतोय, ओरडतोय, आणि डबा कोरडाच आहे, असं दिसलं तर उद्या सकाळची वाट पाहू नये. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. खडे किंवा चिकट मळ अडकून ती बंद होते. मग लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयावर ताण येतो आणि दोन-तीन दिवसांत जनावर दगावू शकतं. घरचे बिचारे बद्धकोष्ठ समजून दुधात तूप देत बसतात. रात्र असो, रविवार असो, हा प्रकार त्याच तासाला पशुवैद्याकडे नेण्याचा.

म्हाताऱ्या मांजरीचे सांधे दुखतात, काठ ओलांडवत नाही. मूत्रपिंड दमलं किंवा मधुमेह झाला की शू वाढते आणि डबा पुरत नाही. पर्शियन जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार आनुवंशिक आहे. शिवाय पर्शियन मांजरीच्या मागच्या लांब केसांना शी चिकटून ती घरभर उमटते, तेव्हा तिथले केस कातरून ठेवावेत. एकदा शू करताना दुखलं की मांजर त्या दुखण्याचा दोष डब्याला देते. दुखणं बरं झालं तरी जुना डबा तिला नको असतो.

फवारा मारणं हा आणखी वेगळा प्रकार. बसून, आडव्या जागी, भरपूर केली तर ती शू. उभ्याने, शेपूट थरथरवत, भिंतीवर किंवा दाराच्या चौकटीवर थोडीशी उडवली तर ती हद्दीची खूण. खच्ची केल्यावर दहापैकी सुमारे नऊ बोक्यांचं हे फवारणं थांबतं किंवा अगदी कमी होतं. खिडकीबाहेर परका बोका येऊन बसत असेल तर आधी त्याचा बंदोबस्त.

फिनाईलचा बोळा

घाण दिसली की मराठी हात फिनाईलच्या बाटलीकडे जातो. मांजरीच्या घरात हा हात आवरायला हवा. फिनॉलसारखे पदार्थ मोडून शरीराबाहेर टाकण्याची यकृतातली एक यंत्रणा मांजरीत फार दुबळी असते. काळं फिनाईल आणि पाण्यात दुधासारखे होणारे जंतुनाशक द्रव फरशीवरून पंजाला लागतात आणि पंजा चाटला की पोटात जातात. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजरीला प्राणघातक ठरू शकते, त्याच्या मुळाशीही हाच दुबळेपणा आहे.

ब्लीचिंगच्या द्रवाची गोष्ट आणखी वाईट. शूमधल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू निघतो. संडास धुण्याचं ॲसिड त्यात मिसळलं तर क्लोरीन. बंद मोरीत हे प्रयोग माणसालाही महागात पडतात.

मग करायचं काय? ओलं असतानाच जुन्या सुती कापडाने दाबून टिपायचं, चोळायचं नाही. साध्या पाण्याने पुन्हा टिपायचं. नंतर मांजरीच्या डागांसाठी मिळणारा एन्झाइमचा द्रव सढळ ओतून सावकाश वाळू द्यायचा. साबणाने वरचा वास जातो, पण युरिक ॲसिडचे कण गादीच्या कापसात तसेच राहतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की जुना डाग पुन्हा वासू लागतो. आपल्याला तो येईनासा झाला तरी तिच्या नाकाला ती जागा संडासच वाटते, आणि ती परत तिथेच जाते.

दिवाळीतली मांजर

दिवाळी येईपर्यंत बऱ्याच घरांत मांजरीच्या दृष्टीने अनर्थ घडून गेलेला असतो. माळे उपसले, भिंतींना रंग लागला, कपाटं सरकली, फरशी फिनाईलने पुसली. तिच्या खुणेचा प्रत्येक वास पुसला गेला. मग पाहुणे, मग फटाके.

ओहायो स्टेट विद्यापीठातले टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मूत्राशयाचा आजार असलेल्या आणि निरोगी, अशा दोन्ही मांजरींवर लक्ष ठेवलं. रोजचा क्रम मोडला, खाण्याची वेळ किंवा सांभाळणारी माणसं बदलली, की निरोगी मांजरीही कमी खाऊ लागल्या, ओकू लागल्या आणि डब्याबाहेर करू लागल्या. नणंदेच्या बॅगेचा खटला इथे निकालात निघतो. बॅगेला परका वास होता, घर अनोळखी झालं होतं, आणि डब्याच्या वाटेवर पाहुण्यांची मुलं भुईचक्र लावून बसली होती.

म्हणून दिवाळीत एक आतली खोली मांजरीची. त्यात डबा, पाणी, खाणं आणि तिची न धुतलेली चादर. धुतलेली चादर आपल्याला आवडते. तिला तीत कोणीच भेटत नाही.

झारा कोणाच्या हातात

मांजर सगळ्यांची आणि डबा एकीचा, ही बहुतेक घरांतली वाटणी. मुलगी हट्टाने पिल्लू आणते, फोटो काढते आणि परीक्षेच्या मोसमात झारा आईच्या हातात येतो. काही घरी तो धुण्याभांड्याच्या मावशींच्या हातात जातो, तोही वेगळे पैसे न ठरवता. डबा तुंबण्याचं हे फार मोठं कारण आहे आणि कोणत्याही पशुवैद्याच्या चिठ्ठीवर ते लिहिलेलं नसतं.

एका प्रसंगी मात्र वाटणी बदलायलाच हवी. सुनेला दिवस गेले की 'मांजर हलवा' असा धोशा सुरू होतो. भीती टॉक्सोप्लाझ्माची. हा परजीवी १९०८ पासून माहीत आहे. तो मांजरीच्या विष्ठेतून पसरतो हे १९७० च्या सुमारास स्पष्ट झालं, आणि त्या शोधात भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ जे. पी. दुबे यांचाही वाटा होता. विष्ठेतली त्याची बीजं बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात. डबा रोज उपसला तर धोका बराच कमी होतो. अर्धंकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांची काळजी त्याहून जास्त घ्यावी. गरोदर बाईने झारा नवऱ्याकडे द्यावा, म्हणजे मांजर हलवावी लागत नाही.

उपसलेले गोळे संडासात टाकू नयेत. बेंटोनाइट पाईपात फुगतं आणि खालच्या मजल्याचा निरोप येतो. ओल्या कचऱ्यातही ते नकोत. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत रुजवली, कारण पुढे तो कचरा कुणाच्या तरी हाताखालून जातो. मांजरीची शीही तशीच, वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, खूण करून द्यावी.

एवढं सगळं एका जनावराच्या संडासासाठी? मला विचाराल तर मागणं फार नाही. आपण तिला घरात घेतलं, जाळी लावून गॅलरी बंद केली आणि बाहेरची सगळी माती तिच्यापासून तोडली. तिच्या वाट्याची तीन बोटं जाडीची, टबभर, कोरडी माती आणि ती उपसायला रोज पाच मिनिटं, एवढंच तिचं देणं निघतं. ज्यांच्या घरी सध्या मांजरीला काढून टाकायची बोलणी चालली आहेत, त्यांनी आधी पशुवैद्याला दाखवावं. आणि मांजर घराबाहेर काढण्यापूर्वी एकदा तिचं घमेलं मोरीबाहेर काढून पाहावं.